म्हशीसकट दर्यावर

आमच्या घरात मालकीण एकच होती, आणि ती म्हैस होती. वडिलांना वाटायचं, मालक आपण. वाटू द्यावं, बिचाऱ्यांनी जावं तरी कुठे?

ते सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घ्यायला गेले होते. नवा फेटा बांधून, गावभर सांगून गेले आणि परत आले ते म्हैस घेऊन! "घोडा दूध देस का?" असं वर आम्हालाच विचारलं. म्हैस दूध भरपूर द्यायची, पण फक्त आईच्या हातानं. दुसऱ्या कुणी कासेला हात लावला की लाथ. एकदा आई तापानं आडवी झाली, तेव्हा म्हशीला फसवायला वडिलांनी आईचं लुगडं नेसलं, डोक्यावरून पदर घेतला आणि बादली घेऊन बसले. म्हशीनं मान वळवून नीट बघितलं आणि त्यांना उकिरड्यावर पाठवलं. अहो, अशा हेकट जनावरापुढे लुगडं नेसून बसणारे पुरुष आमच्याकडे पुष्कळ, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण उकिरड्यावर पडलेले तेवढे एकटेच. त्यानंतर वर्षभर पोरंटोरं त्यांना 'पाटलीणबाई' म्हणून चिडवायची. वडिलांनी शपथ घेतली, मेलो तरी पुन्हा लुगड्याला हात लावणार नाही.

आता यात आईचं काय झालं ते बघा. सकाळी धार, संध्याकाळी धार. त्यापायी माहेर सुटलं, लग्नकार्यं सुटली. तापी आमच्या घरामागूनच वाहायची. आई घाटावर धुणं धुवायची आणि उठताना पाण्याकडे बघून म्हणायची, "हाई पानी दर्याले जास. मीच नई जात." तिला एकदा दर्या बघायचा होता. मनाजोगता, डोळे भरून. दुसरं काही तिनं कधी मागितलेलं मला आठवत नाही.

एका दिवाळीनंतर वडिलांना काय झालं कोण जाणे. जेवता जेवता ताटावरून उठले आणि ओरडले, "चाल, दर्यावर जाऊत! म्हैस बी संगे लई चालूत!"

नंदुरबारहून सुरतेला आगगाडी जायची, शहाणी माणसं तिनंच जायची. पण आमची म्हैस मालडब्यात आणि आम्ही दुसऱ्या डब्यात बसलो तर धार कोण काढणार? म्हणून वडिलांनी गाड्या-बैल पैलतीरी नेणारी मोठी नाव ठरवली, नावाड्यासकट. नावाडी डोकं खाजवत म्हणाला, "पाटील, मी आडवा जानारा मानूस शे. नदीमा उभा कधी गयाच नई."

"पानी उभंच जास ना? त्याना मांगे चाल," वडील म्हणाले.

निघालो. आई, वडील, मी, नावाडी, म्हैस आणि तिचं रेडकू. शिवाय पेंडीचं पोतं, दादर ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा. वडील छत्री उघडून पुढे बसले, जसे काही लाटसाहेब. म्हशीनं पहिल्याच वळणावर त्यांच्या पाठीमागे शेण टाकलं. तेवढ्यानं ऐट थोडी उतरली, पण छत्री मिटली नाही.

नावाड्याची सवय काही सुटेना हो! हात आपोआप वल्हं वळवायचे आणि नाव समोरच्या काठाला जाऊन टेकायची. वर हा मोठ्यानं ओरडायचा, "उतरा!" काठावरच्या माणसांना वाटायचं, चला, नाव आली. एक म्हातारा शेळी घेऊन चढून बसलाही. तो काही केल्या उतरेना, म्हणून त्याला पलीकडे सोडलं. तिथे एक वऱ्हाड वाट बघत होतं. वडिलांनी छत्री उगारली नसती तर आम्ही आजही तिथेच इकडून तिकडे करत असतो. वाटेत खडक आले की आम्ही उतरायचो, दोर लावून नाव ओढायचो, आणि म्हैस मजेत पोहत पुढे जाऊन आमची वाट बघायची. सगळ्या सफरीत सुखी अशी ती एकटीच. दूध इतकं व्हायचं की काठावरच्या प्रत्येक गावाला आई ते वाटत सुटली.

सुरतेच्या पुढे गेलो आणि एका दुपारी नाव उलटी चालायला लागली. वल्हं पुढे मारावं तर काठावरची झाडंही पुढेच पळायची. नावाड्यानं वल्हं टाकून हात जोडले. "पाटील, तापी मांगे चालनी! मायले आपला राग उना!" आईनं घाईघाईनं नदीला नारळ वाहिला, वडिलांनी फेटा काढून माफी मागितली, मी उगीचच रडून घेतलं. थोड्या वेळानं पाणी थांबलं आणि पुन्हा सरळ वाहायला लागलं. नारळ पावला म्हणायचा. पूर माहीत असलेली माणसं आम्ही. भरती म्हणजे काय, हे आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाव खाडीत बांधली आणि म्हशीला मागे घेऊन दर्यावर चालत गेलो. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. वाळू संपली, आणि पुढे नुसता चिखल! नजर पोचेल तिथवर चिखल, त्यात चार खेकडे.

"दर्या कोठे शे?" आईनं विचारलं.

वडिलांचा चेहरा मला अजून दिसतो. एवढ्या लांब आणलं आणि नेमका दर्याच नाही! जाळी विणत बसलेल्या कोळ्यांपैकी एक जण हसत म्हणाला, "आवशे, आवशे. सांजे आवशे." वडील मला हळूच म्हणाले, "हाऊ थट्टा करी ऱ्हायना." दर्या काय गुरासारखा चरायला जातो आणि संध्याकाळी परत येतो? आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत चिखलाकडे बघत बसली. मला वडिलांचा असा राग आला म्हणून सांगू!

दिवस कलला तशी म्हैस ओरडायला लागली. आई उठली, चिखलाकडे पाठ करून बसली आणि धार काढायला लागली. बादली अर्धी झाली असेल, ती एकदम खेकसली, "पानी कोन्ही सांडं?"

मी बघितलं. तिच्या टाचांना फेस लागला होता.

"माय! दर्या उना!"

चिखल कुठच्या कुठे गेला होता. सगळं पाणीच पाणी, त्यावर सूर्य बुडत होता. आणि आईला मान वळवता येईना, कारण अर्ध्या धारेत हात सोडला की ही बया दूध चोरणार आणि कास दुखवून घेणार. एक लाट आली, तिच्या पाठीमागे फुटली, परत गेली. आई म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून रडायला लागली, आणि हात चालूच.

वडिलांनी छत्री वाळूत रोवली. गाठोड्यातून आईचं जुनं लुगडं ओढून काढलं, कोळ्यांच्या समोर, नावाड्याच्या समोर नेसलं, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाले, "ऊठ. तू दर्या देख."

आई उठली. पाण्याकडे गेली. म्हशीनं मान वळवून नीट बघितलं, बादलीला लाथ घातली, सगळं दूध वाळूत. कोळी पोट धरून हसले. वडील पडले, उठले, रिकामी बादली गुडघ्यात धरून पुन्हा बसले. कासेला हात लावायची सोयच नव्हती. मग त्यांनी तोंडानंच आवाज काढायला सुरुवात केली, "चुर्र... चुर्र... चुर्र..."

आईनं मागे न बघता विचारलं, "दूध देस का ती?"

"देस, देस! बादली भरत उनी!" आणि पुन्हा "चुर्र... चुर्र..."

धारेच्या नुसत्या आवाजावरून बादलीत किती दूध झालं ते सांगणारी माझी आई. ती म्हणाली, "भरू द्या आखो थोडी," आणि गुडघाभर पाण्यात पुढे गेली.