बंदरावरचे मुत्सद्दी

माझ्या बायकोचा थोरला भाऊ बंदरावर येणाऱ्या जहाजांना रसद पुरवतो. कांदे, बटाटे, गोडं पाणी, दोरखंड, साबण. धंदा चांगला आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण आपल्याला कोणी भाजीवाला म्हणू नये, याची या गृहस्थांना फार काळजी. परराष्ट्र धोरण आपल्याला कळतं, अशी त्यांची ठाम समजूत. म्हणून आमच्या घरात त्यांना ‘मुत्सद्दी’ हे नाव पडलं. नाव ठेवलं त्यांच्या सख्ख्या बहिणीने, आणि ती त्यांना स्तुती वाटली.

आमचा देश लहान. एका अंगाला डोंगरापलीकडचं मोठं राज्य, दुसऱ्या अंगाला समुद्रापलीकडचं. दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही आणि दोघांनाही आमचं बंदर हवं. ज्याच्या लढाऊ नौका इथे उभ्या राहतील, त्याच्या तोफा दुसऱ्याच्या उंबरठ्यावर. आमची सरकारं आज याच्या गळ्यात गळा घालतात, उद्या त्याच्या, आणि याला ‘समतोल’ असं भारदस्त नाव देतात. मी आयुष्य बंदराच्या हिशेब खात्यात काढलं. आमच्या खात्यात समतोल म्हणजे दोन्ही बाजू जुळणं. यांच्या समतोलात आमचा कणा तेवढा वाकलेला दिसतो.

डोंगरापलीकडच्यांशी गूळपीठ होतं तेव्हा मुत्सद्द्यांनी गोदामाच्या माडीवर मैत्री मंडळ काढलं. ते स्वतः चिटणीस. खजिनदार मी, कारण बायकोला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. मंडळात संध्याकाळी त्या लोकांच्या भाषेचा वर्ग भरे. मी नेमाने जात असे. मुत्सद्दी मात्र एक दिवसही बाकावर बसले नाहीत.

“भाषा शिकतात ती कारकून माणसं, भाऊजी,” ते म्हणत. “मोठी माणसं दुभाषे ठेवतात.”

त्या वर्गात सगळ्यांत पुढे होती ती त्यांची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेल्यामुळे ती वाढली आमच्याच स्वयंपाकघरात, आत्याच्या पदराला धरून. मंडळाच्या वशिल्याने तिला पलीकडे शिकायला धाडलं. निघताना ती आत्याच्या गळ्यात पडून रडत होती, आणि तीर्थरूप वकिलातीच्या माणसाशेजारी उभं राहून फोटो काढून घेत होते.

मग वारं फिरलं. डोंगरापलीकडच्यांनी सीमेवर रणगाडे आणून उभे केले, आमचं सरकार घाबरलं आणि त्याने नवा धक्का समुद्रापलीकडच्या आरमाराला देऊन टाकला. आठवड्याच्या आत मैत्री मंडळाची पाटी बदलली. ‘मैत्री मंडळ’ ही अक्षरं तशीच राहिली. देशाचं नाव वेगळ्या फळीवर आकडीने अडकवलेलं होतं, ती फळी तेवढी उतरली. दालनातल्या पुढाऱ्याच्या तसबिरीसाठी मुत्सद्द्यांनी दोन्ही बाजूंनी काच असलेली चौकट करून घेतली. जुना पुढारी भिंतीकडे, नवा लोकांकडे.

“टाकायचं कशाला?” ते मला म्हणाले. “उद्या पुन्हा लागला तर?”

अडचण एकच आली. नव्या धक्क्यावर जायला सुरक्षा खात्याचा पास लागे, आणि तिथल्या अधिकाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला, “तुमचं कोणी पलीकडे राहतं का?” पास अडकला. मुत्सद्दी दोन रात्री तळमळले म्हणे. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चौकटीत जाहीर नोटीस आली: खाली सही करणाऱ्याचा, शत्रुराष्ट्रात राहणाऱ्या आपल्या मुलीशी कोणताही संबंध उरलेला नाही, सर्वांनी नोंद घ्यावी.

माझ्या बायकोने तो अंक त्यांच्यापुढे आपटला.

“दादा, हे काय आहे?”

“अगं, कागद आहे नुसता. राजकारणात कायमचा मित्र नसतो आणि कायमचा शत्रूही नसतो.”

“आणि कायमची मुलगी?”

“मुलगी कायमचीच आहे गं. नोटीस तात्पुरती आहे.”

“तिला सांगितलंस का तसं?”

“फोन ऐकतात हल्ली. ती समजून घेईल. माझीच मुलगी आहे.”

मुलीचा फोन आला तो आत्याला. बातमी सीमा ओलांडून तिच्यापर्यंत पोचली होती. “आत्या,” ती म्हणाली, “माझं नाव पेपरात छापलं नाही म्हणे. नुसतंच ‘मुलगी’?” त्यानंतर ती आत्याला वरचेवर फोन करी. बापाचा विषय तिने कधी काढला नाही, आणि बापाने आपण होऊन तिला फोन केला नाही. पास मिळाला होता. कांदे-बटाटे नव्या आरमाराच्या पोटात जात होते.

काही वर्षं आम्ही समुद्रापलीकडच्यांच्या वतीने डोंगरापलीकडच्यांना मनापासून शिव्या घातल्या. आणि एक दिवस त्या दोघांनीच हात मिळवले. तिसरं कोणी डोईजड झालं होतं, तेव्हा दोघांना एकाएकी जुना शेजार आठवला. आम्हाला कोणी विचारलं नाही. भाडोत्री रडणाऱ्यांना कोणी विचारतं का, प्रेत उठून बसल्यावर? दोघांचं आरमार मिळून आमच्या बंदराला भेट देणार, एवढंच कळवण्यात आलं. मुत्सद्द्यांनी चौकट भिंतीवरून काढली आणि दालनाच्या मधोमध छताला टांगली. पंखा लावला की दोन्ही पुढारी आळीपाळीने पाहुण्यांकडे बघत.

पाहुण्यांच्या यादीत डोंगरापलीकडच्या सेनापतीची दुभाषी म्हणून त्यांच्या मुलीचं नाव होतं.

तेव्हा प्रथमच मी या माणसाला घाबरलेलं पाहिलं. पंचविशीत गेलेली मुलगी तिशी गाठून परत येत होती. यांचे केस पिकले होते, गुडघे दुखत होते, घरात पाणी द्यायला कोणी नव्हतं. त्यांना ती हवी होती, हे खोटं नव्हे. पण करायचं काय, तर या माणसाला एकच गोष्ट येते. दुसऱ्या दिवशी पेपरात नोटीस: पूर्वीची नोटीस रद्द समजावी.

“झालं,” ते मला म्हणाले. “संबंध पूर्ववत.”

“आधी एकट्याने भेटा तिला,” मी म्हटलं. “माफी मागा.”

“माफी खासगीत कशाला? भर सभेत मान देतो तिला. सगळ्या आरमारासमोर.”

स्वागत समारंभ मंडळाच्या दालनात झाला. ती सेनापतीच्या खुर्चीमागे उभी होती, केस मागे बांधलेले, हातात काही नाही. बापाकडे तिने इतर यजमानांकडे पाहावं तसं पाहिलं. मुत्सद्द्यांनी भाषण केलं. अतूट मैत्री, समान शत्रू, युगानुयुगांचा शेजार. ती वाक्यामागून वाक्य त्या भाषेत सांगत गेली, आणि मला ते सगळं समजत होतं. शेवटी ते तिच्याकडे वळले.

“आणि आज मला सांगायला अभिमान वाटतो,” ते म्हणाले, “की ही जी तुमची दुभाषी आहे, ती माझी मुलगी आहे. माझी एकुलती एक मुलगी. ती आज घरी आली.”

ती क्षणभरही अडखळली नाही. मघाच्याच आवाजात तिने पाहुण्यांना सांगितलं, “यांची एकुलती एक मुलगी वारली. आज तुम्हाला पाहून त्यांना तिची आठवण झाली.”

सेनापतीने टोपी काढली. मागचे अधिकारी उठून उभे राहिले. मुत्सद्द्यांचे डोळे भरून आले.

“पाहिलंत, भाऊजी?” ते माझ्या कानाशी लागले. “सगळे उभे राहिले. माझ्या मुलीसाठी!”

ती खरं काय म्हणाली ते तिथे त्यांना सांगून उपयोग नव्हता, आणि खरं सांगायचं तर सांगावंसंही वाटलं नाही. मग ओळखीची रांग लागली. तिने बापाशी रीतसर हात मिळवला, त्यांनी पसरलेल्या बाहूंकडे न बघता ती पुढे सरकली आणि माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, “काका, आत्याला सांगा, मी जेवायला येते. एकटीच.”

तिच्या मागून अधिकारी एकेक करून मुत्सद्द्यांचा हात दोन्ही हातांत घेत होते, मान खाली घालून काहीतरी पुटपुटत होते. आणि मुत्सद्दी प्रत्येकाला हसून मान डोलवत होते. आपल्याच घरच्या दुखवट्याला इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.