पाहणीच्या सकाळी

सकाळी भाकरी तव्यावर असतानाच फोन वाजला. डोंगरकड्याजवळच्या एका गावातली आमची पशुसखी बोलत होती. पशुसखी म्हणजे गावातल्या शेळ्यामेंढ्यांना लस टोचणारी, जंताचं औषध पाजणारी गावातलीच बाई. आमच्या छोट्या संस्थेने अशा काही बायका तयार केल्या होत्या. हिच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, त्यामुळे हात धीट आणि बोलणं कमी. त्या सकाळी मात्र ती एका दमात बोलत सुटली. शेजारणीच्या दोन शेळ्या पहाटे मेल्या होत्या, तिसरी नाकातोंडातून पाणी गळत पडली होती. आठवड्यापूर्वी त्यांना लस हिनेच टोचली होती.

"ताई, लोक म्हणून राहिले, हिच्या सुईनं मेल्या. सासूनं कडी लावून मला आत बसवलंय. तुमी येऊन राहिल्या ना?"

येते म्हणाले. तशीही मी तिथे जाणारच होते. त्याच दिवशी, त्याच गावात, संस्थांना पैसे देणाऱ्या मुंबईच्या एका ट्रस्टच्या अधिकारी मॅडम आमचं काम बघायला येणार होत्या. त्यांची गाडी थोड्या वेळाने नांदेडहून निघायची होती.

या मॅडम इथवर येणं आमच्यासाठी साधी गोष्ट नव्हती. त्याआधी आम्ही कितीतरी ठिकाणी प्रस्ताव पाठवले होते. बहुतेकांचं उत्तर आलं नाही, आलं ते एका ओळीचं. मग संभाजीनगरला संस्थांच्या एका बैठकीत या मॅडम भेटल्या. जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या होत्या. मी पशुसख्यांबद्दल बोलत राहिले आणि त्या ऐकत राहिल्या. निघताना म्हणाल्या, "काही मागायचं नसेल तेव्हाही फोन करत जा." मला ते शहरातल्या माणसाचं गोड बोलणं वाटलं. तरी मी दोन-तीनदा भीत भीत फोन केला, आणि दर वेळी त्यांनीच मला जास्त प्रश्न विचारले. शेवटी त्या स्वतःहून म्हणाल्या की येऊन बघते.

मी आमच्या संस्थेच्या सचिवांना फोन लावला. सर निवृत्त मुख्याध्यापक. संस्था उभी करायला त्यांनी स्वतःच्या घराची पुढची खोली दिली होती, आणि कुठल्या साहेबांशी कसं बोलावं हे आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लगेच तोडगा सांगितला. गाडी अजून नांदेडातच आहे, ती वसमतवरून शिरड शहापूरकडे वळवायची. तिथल्या आपल्या बचत गटाच्या बायका बोलक्या, शेळ्या ठणठणीत. कारण विचारलं तर रस्त्याचं काम चालू आहे म्हणायचं.

"आणि नंतर कळलं तर?" मी विचारलं.

"कोण सांगणार आहे त्यांना? बाई, त्या एक दिवस येणार आणि जाणार. त्या एका दिवसावर आपल्या सगळ्यांचं वर्ष आहे."

त्यांचं चुकत नव्हतं. पैसे आले नाहीत तर आमच्या दोन कार्यकर्त्या पुढच्या महिन्यापासून घरी बसणार हे ठरल्यासारखं होतं. मी फोन ठेवला. तव्यावरची भाकरी करपली होती. आईने ती खाली काढली आणि दुसरी थापायला घेतली.

मी मॅडमना फोन केला तेव्हा काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, आम्ही निघतोच आहोत. त्यांच्या मागे ड्रायव्हर हिंदीत कुणाला तरी रस्ता विचारत होता. मी सगळं सांगून टाकलं, शेळ्या मेल्याचं, लोक चिडल्याचं, कारण अजून माहीत नसल्याचं. दुसऱ्या गावात नेता येईल हेही सांगितलं.

पलीकडे त्यांनी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं.

"तुम्ही कुठे चाललाय?" त्यांनी विचारलं.

"शेळ्या मेल्या तिथं."

"मग मीही तिथेच येते. पण आज मी जे बघेन ते मला लिहावं लागेल, हे लक्षात घ्या."

गावातल्या एका पोराच्या मोटारसायकलवर मागे बसून मी निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या आणि माझं लक्ष फक्त पुढून येणाऱ्या पांढऱ्या गाड्यांकडे होतं.

गावात पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. बाप्ये लांब, भिंतीला टेकून. बाया दारात. जनावरांच्या सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना निरोप गेला होता, ते दुसऱ्या गावात अडकले होते. मी शेजारणीपाशी जाऊन बसले. पन्नाशीची बाई, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, घरखर्च बराचसा शेळ्यांवर. ती माझ्याकडे बघेना. मी पशुसखीच्या दाराची कडी काढायला लावली. ती बाहेर आली तसे आवाज चढले.

त्याच वेळी मॅडमची गाडी येऊन थांबली. हार नाही, स्वागत नाही. शेजारीण उठून सरळ त्यांच्यासमोर गेली.

"तुमी पैसे देणाऱ्या का?"

"अजून दिलेले नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"मग काहून आल्या?"

"बघायला."

"मग बघा," शेजारीण म्हणाली आणि त्यांना गोठ्यात घेऊन गेली.

मेलेल्या शेळ्यांवर पोतं टाकलेलं होतं. एकीची दोन करडं दोरीला ओढ देऊन ओरडत होती. मॅडम पोत्याजवळ उकिडव्या बसल्या. माफी मागितली नाही, धीरही दिला नाही. शेजारणीला म्हणाल्या, या शेळ्या तुमच्याकडे कधीपासून होत्या ते सांगा. ती आधी तुटक बोलली, मग बोलतच राहिली. बोलण्याच्या ओघात निघालं की लस टोचण्याच्या थोडेच दिवस आधी बाजारातून एक नवी पाठ, अजून न व्यालेली शेळी, आणली होती, आणि आता पडलेली तिसरी शेळी तीच होती.

डॉक्टर आले, हातमोजे चढवले, मेलेल्या शेळीचं तोंड उघडून बघितलं. आत फोड होते. ते उठून म्हणाले की लसीनं असं होत नाही. बाजारातून आलेल्या जनावरासोबत रोग आला असावा आणि लस टोचली त्याच सुमाराला तो बाकीच्यांच्या अंगात शिरला असावा. नमुना तपासायला पाठवू. मग ते पशुसखीकडे वळले.

"टोचण्याआधी ताप बघितला होता का? तापलेल्या जनावराला लस द्यायची नसते."

ती एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "न्हाई बघितला. आमाला ते शिकवलंच न्हाई."

ती खरं बोलत होती. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मला एकच कळत होतं की आता काहीही जोडून बोलायला गेले तर तिचं खरं बोलणं वाया जाईल. बरोबर आहे, एवढंच म्हणाले.

दुपारी डॉक्टरांनी नवी शेळी वेगळी बांधायला लावली, आजूबाजूच्या घरांतली जनावरं तपासली. पशुसखी त्यांच्यासोबत दारोदार फिरली. काहींनी तिला आत घेतलं, काहींनी नाही.

निघताना मॅडमनी मला गाडीशी बोलावलं. या वेळी मंजूर होईल असं वाटत नाही, त्या म्हणाल्या. "पण फोन बंद करू नका."

झालंही तसंच. नकार आला. सर माझ्याशी बरेच दिवस कामापुरतंच बोलले. दोन्ही कार्यकर्त्या घरी बसल्या, त्यातली एक पुण्याला कामाला निघून गेली ती परत आली नाही. तपासणीत डॉक्टरांचा अंदाज खरा निघाला, पण शेजारणीने त्या पशुसखीच्या हातून शेळ्यांना पुन्हा लस टोचून घेतली नाही.

मी मात्र फोन करत राहिले. प्रत्येक पशुसखीला थर्मामीटर दिला ते सांगितलं, एका गावात बायांनी आम्हाला येऊ नका म्हटलं तेही सांगितलं. पैशाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. त्या अडचणीचं विचारायच्या आणि पुढच्या फोनला ते त्यांच्या लक्षात असायचं. पुढच्या वर्षी त्यांनीच प्रस्ताव पाठवायला सांगितलं. तो लिहिताना सर माझ्या शेजारी बसले. शेळ्या मेल्याचा भाग त्यांनी स्वतः लिहिला, स्वच्छ अक्षरात, काही न झाकता. तो प्रस्ताव मंजूर झाला.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत मॅडमनी ती नोकरी सोडली. त्यांच्या जागी आलेला तरुण अधिकारी दोन शब्दांत उत्तर देतो. मागच्या आठवड्यात मी त्याला फोन करून सांगितलं की आमच्या एका पशुसखीने काम सोडलं आहे. मला वाटलं, आता ठीक आहे म्हणून फोन ठेवेल.

"का सोडलं?" त्याने विचारलं.

मी खुर्ची ओढून बसले आणि सांगायला लागले.