काजळमामा आणि बंद मोटार

काजळमामांना किल्ली करायला बोलावले की ते आधी कुलपाकडे पाहतच नसत. सायकल भिंतीला टेकवायची, पत्र्याची पेटी खाली उतरवायची, तिच्यावरच बसायचे आणि मालकाला विचारायचे, "अंदर काय हाये?" ट्रंक असो, कपाट असो की वकिलाची मोटार असो, आत काय काय आहे ते मालकाने म्हणून दाखवायचे, मामांनी डोळे मिटून ऐकायचे आणि मगच कामाला हात घालायचा. किल्ली हरवलेला माणूस आधीच चिडलेला असतो. त्यात आपल्या ट्रंकेत काय आहे ते बायको, व्याही आणि शेजारी यांच्यासमोर सांगायचे म्हणजे परीक्षाच. पण कुलूप न तोडता घरी येऊन किल्ली करून देणारा दुसरा माणूस अमरावतीपासून अकोल्यापर्यंत नव्हता, म्हणून लोक दातओठ खात सांगत.

त्यांचे खरे नाव मला शेवटपर्यंत कळले नाही. काजळ हे आडनाव नव्हते, ते त्यांच्या बोटांना लागलेले असे. कोरी किल्ली ते चिमणीच्या ज्योतीवर धरीत, तिच्यावर काजळी धरली की कुलपात घालून हलकेच फिरवीत आणि बाहेर काढून पाहत. जिथली काजळी पुसली गेली तिथे कुलूप अडते आहे. तेवढ्याच जागी कानस चालवायची, पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप. असे वीस-तीस वेळा. "कुलूप सोताच सांगते कुठं दुखते थे," असे ते म्हणत. बघणाऱ्याला घाई असली तर त्याला म्हणत, "तुमी जेवून घ्या," आणि तो खरेच जेवून यायचा.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. हुकूम नागपूरहून यायचे आणि मोटारी मुंबईहून. मोटारी आल्या आणि त्यांच्यामागून त्यांच्या हरवलेल्या किल्ल्याही आल्या. कुणाची विहिरीत पडे, कुणाची कापसाच्या ढिगात जाई, कुणाची कुलपातच मोडे. मोडली असे मामा कधी म्हणत नसत. "दमली बिचारी," म्हणत आणि छत्रीच्या काडीने आतला तुकडा अलगद ओढून काढीत. अकोल्याच्या एका व्यापाऱ्याने झिजलेली किल्ली दाखवून मालच खराब आहे अशी तक्रार केली, तेव्हा मामांनी ती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "चाबी बरी हाये, शेटजी. दिवसातून किती खेपा पाहता कुलूप लागलं का नाई म्हनून?" शेटजींनी झिजलेली किल्ली खिशात टाकली. नवी किल्ली मात्र करून घेतली.

इतक्या मोटारी त्यांनी उघडल्या, पण बसले एकीतही नाहीत. "ज्याची चाबी दुसऱ्याच्या खिशात, त्यात आपन बसू नाई," हे कारण. न्यायला मोटार पाठवली तरी हे सायकलवर मागून येत, आणि मोटारवाला पोचून तासभर वाट पाहत बसे.

मी अमरावतीत मुलींच्या शाळेत नवी शिक्षिका होते तेव्हा मला ते पहिल्यांदा दिसले. मोठ्या बाईंच्या कपाटाची किल्ली हरवली होती. "अंदर काय हाये?" मोठ्या बाई ताठ उभ्या राहिल्या आणि हजेरीपटांपासून बक्षिसाच्या वाट्यांपर्यंत यादी सांगितली. कपाट उघडले तर हजेरीपटांच्या मागे लिंबाच्या लोणच्याची बरणी निघाली. मामा म्हणाले, "हे नाई सांगतलं तुमी." बाई म्हणाल्या, "विसरले हो." मामांनी समाधानाने मान हलवली आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. आम्ही सगळ्या पदराआड हसलो. बाई नापास झाल्या आणि म्हाताऱ्याने दयेने पास केले, असे मी धरून चालले. त्याच महिन्यात बडनेऱ्याच्या एका मुनिमाने म्हणे मालकाच्या मोटारीतली वस्तू न् वस्तू न अडखळता सांगितली, तर मामा "कानस बोथट झाली" म्हणून पेटी उचलून निघून आले. यावरून म्हाताऱ्याच्या डोक्यात काहीतरी ढिले आहे, असे शाळेत सर्वांचे मत पडले. माझेही तेच होते.

आमचे गाव मोर्शीकडे. आम्ही माळी, संत्र्याची बाग वडिलांनी लावलेली, आणि अमरावतीच्या एका वकिलाची जुनी मोटारही त्यांनीच घेतली होती. मागची बैठक काढून ते तिच्यात संत्र्यांच्या टोपल्या भरत आणि बडनेऱ्याला मालगाडीवर चढवून येत. त्या वर्षी भाद्रपदात ते तापातच घरी आले, मोटार कडुनिंबाखाली उभी करून कुलूप लावले, आणि अंथरुणावर पडले ते उठलेच नाहीत. दिवाळीच्या सुटीत मी घरी गेले तेव्हा झाडे फळांनी वाकली होती आणि मोटारीवर बोटभर धूळ होती. किल्ली हरवली, असे काकांनी सांगितले. प्रेत हलवायच्या गडबडीत कुठेतरी पडली म्हणे.

बैलगाड्या होत्या, पण काकांच्या गोठ्यातले सगळे बैल एकाच आठवड्यात लंगडायला लागले होते. दोन घरांच्या भांडणात पडायला गावात कुणी तयार नव्हते. काका रोज संध्याकाळी येऊन ओट्यावर बसत आणि आईला समजावीत, "वैनी, बाग माह्या नावानं करून द्या. बाईमानसाच्यानं होते का हे?" फळ झाडावर आणखी आठ दिवस टिकणार होते. ते सडले की आईला अंगठा उठवण्यावाचून गत नव्हती, हे काकांना कळत होते आणि आईलाही. वडिलांच्या हाताखाली मोटार शिकलेला वामन ड्रायव्हर म्हणाला, "काच फोडतो अन् तार जोडून चालू करतो." काका लगेच म्हणाले की, फोडली तर पोलिसात जाईन. आई मात्र दोघांकडेही न बघता म्हणाली, "फोडाची नाई. माह्या दारातून माही मोटर चाबी लावूनच जाईन."

तेव्हा मला काजळमामा आठवले. मी अमरावतीला जाऊन त्यांना सांगितले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतारूंच्या सर्व्हिस मोटारीने परत निघाले. ते पहाटेच सायकलवर निघाले होते. वाटेत आमची सर्व्हिस मोटार बंद पडली, तेव्हा ते शेजारून गेले. थांबले नाहीत, नुसता हात वर केला.

मामांच्या मागोमाग मी अंगणात पोचले तेव्हा काकाही आले होते, आणि त्यांच्यामागे निम्मे गाव. काका म्हणाले, "करा चाबी. पन माह्या हातात द्या. या घरचा कर्ता आता मी हाये." मामा पेटीवर बसले. "दोघंबी सांगा. अंदर काय हाये?"

काका धडाधड बोलले. "समोरच्या खनात दादाचा चष्मा, एक काच तडकेल. काड्याची पेटी. बडनेऱ्याची मालाची पावती, चार घड्या घातलेली. बुडाखाली पाना, पंप अन् सुतळीचा गुंडा. मांगं दोन टोपल्या, एकात एक."

मामा आईकडे वळले. आईने धुळकट काचेकडे एकदा पाहिले. मग म्हणाली, "चष्मा असन. तंबाखूची डबी असन. त्यायचा पटका असन. बाकी मले नाई मालूम, दादा."

मामांनी चिमणी पेटवली. दुपार कलेपर्यंत काजळी आणि कानस चालू होती. दार उघडले. काकांचे सगळे खरे निघाले, अगदी चार घड्यांसकट. डबी नव्हती, पटका नव्हता. मामांना मीच बोलावून आणले होते. आपल्या हाताने आईची बाग घालवली, असे वाटून मला तिथेच रडू कोसळले.

मामांनी किल्ली फडक्याने पुसली आणि आईच्या हातावर ठेवली.

"हे काय?" काका ओरडले. "म्या सारं बरोबर सांगतलं!"

"सांगतलं ना. चाबी कवा हरवली, भाऊ?"

"दादा गेला त्या दिवशी."

"अन् मोटर बंद कोनं केली?"

"दादानंच. त्याच्या मांगून तिले कोनी हात नाई लावला."

"मंग घड्या चार हायेत हे तुमी कुठून पाह्यलं?"

काकांचा हात नकळत बंडीच्या खिशाकडे गेला. सगळ्या गावाने तो जाताना पाहिला. कुणी हसले नाही; कर्त्या माणसाला तोंडावर हसायची आमच्याकडे रीत नाही, घरी जाऊन हसतात.

हात धुताना मामा मला म्हणाले, "मालक इसरते, बाई. त्याचंच असते, थो कायले पाठ करन? पाठ थो करते ज्याचा दुसऱ्याच्या मालावर डोया असते." मला लोणच्याची बरणी आठवली, मुनीम आठवला, आणि माझ्या मताची लाज वाटली. आई मोटारीत बसली होती, तडकलेला चष्मा मांडीवर घेऊन. वडील गेल्यापासून ती पहिल्यांदा मोठ्याने रडली. मामांनी तिच्याकडे पाठ केली आणि सायकलच्या चाकात हवा भरत राहिले, हवा पुरेशी असताना.

दुसऱ्या दिवशी हरवलेली किल्ली तुळशीच्या कोनाड्यात सापडली. बैलही त्याच आठवड्यात बरे झाले. बडनेऱ्याला मालधक्क्यावर रेल्वेच्या बाबूने माल कुणाचा म्हणून विचारले, तेव्हा चारचौघांत कधी तोंड न उघडणारी माझी आई म्हणाली, "माहा."

पुढे बाग तिनेच सांभाळली. दर वर्षी तोडणीची पहिली टोपली वामन अमरावतीत परकोटाच्या आत मामांच्या खोलीवर पोचवी, आणि परतताना रिकामी टोपली घेऊन येई. मामा निरोप कधी देत नसत. एकदाच म्हणाले होते, "औंदा आंबट हायेत, मायले सांग." आई त्यावर दोन दिवस खूश होती.

एका वर्षी टोपली भरलेलीच परत आली. वामन ती अंगणात ठेवून बाजूला उभा राहिला. आईने वरचा पाला बाजूला करून पाहिले. "कवा?" तिने विचारले. "पंधरा रोज झाले," वामन म्हणाला.

आईने ती संत्री तोडणीच्या बायांना वाटली. मग अंघोळ करून आली आणि दाराशी बसून राहिली. मोटार भरून तयार होती, बडनेऱ्याची गाडी गाठायची होती, व्यापाऱ्याचा माणूस दोनदा येऊन गेला. त्या दिवशी तिने मोटार जागची हलू दिली नाही.