छत्रीची पोस्ट आणि तीन ढीग

हातोहाती स्मार्टफोन आले तेव्हाची गोष्ट. डहाणूच्या आमच्या वाचनालयात पुढाऱ्यांच्या फेसबुक पोस्टवरून रोज भांडणं होत. शेवटी ठरलं, दर रविवारी बसून कोणती पोस्ट नीतीला धरून आहे याचा निवाडा करायचा. समितीत तीन चिकूवाले बागाईतदार आणि निवृत्त शिक्षिका म्हणून मी. बागाईतदारांना निवाड्याची एकच रीत ठाऊक, चिकूच्या प्रतवारीची. त्यांनी पोस्ट छापून आणल्या आणि टेबलावर मोठा, मध्यम, बारीक असे तीन ढीग लावले. नीतीला आकार कसा असेल, असं मी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "बाई, हाताला कळतो." मी कपाळावर हात मारला, पण उठले नाही. तिथला चहा चांगला असायचा.

माझ्या बागेत मसोलीचं एक जोडपं चिकू तोडायला येई. त्यातली ती एका रविवारी थेट वाचनालयात शिरली. एका साहेबांनी तिला छत्री देतानाचा फोटो टाकला होता. तो मीही पाहिला होता. छत्री छान दिसत होती. वर लिहिलं होतं, 'पतिनिधनाने खचलेल्या भगिनीस मायेची सावली.' फोटो होताच छत्री परत घेतली, कारण पुढच्या भगिनीला द्यायची होती.

"माझा नवरा जिता आहे," ती म्हणाली. "पोरीचं लगीन पंधरा दिवसांवर. तलासरीचे व्याही म्हणतात, सुतकात नको, पुढच्या वर्षी बघू. नवरा स्वतः फोनवर बोलला, तर म्हणे भावाचा आवाज आहे. हे काढायला लावा."

अध्यक्षांनी ढीग चाळले. पोस्ट मोठ्यात निघाली. "आता हलवता यायची नाही," ते म्हणाले. ढिगात पडलेलं फळ पुन्हा हाताळलं की डागाळतं, म्हणून बागेत तसा नियम आहे. कागद डागाळत नाही, हे मी ओरडून सांगितलं. त्यावर मतदान झालं आणि मी हरले. साहेबांच्या माणसाला फोन लावला, तर तो म्हणाला, "एवढ्या लोकांनी श्रद्धांजली वाहिलीय. आता काढली तर त्यांचा अपमान होईल."

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्यालाच घेऊन तलासरी गाठली. व्याही माझा जुना विद्यार्थी निघाला. त्यानं मयताचा दंड चाचपला, मोठ्यानं हसला आणि ठरलेल्या तारखेलाच लग्न करायचं कबूल केलं.

माझ्यातली बाई मात्र गप्प बसेना. "साहेबाच्या पोस्टवर विश्वास ठेवलासच कसा? हेच शिकवलं होतं का तुला?"

तो ओशाळला. "साहेबावर कोण ठेवतो, बाई? पण खाली तुम्ही लिहिलं होतं ना, 'अतिशय स्तुत्य उपक्रम.' म्हटलं, तो तुमच्याच बागेत कामाला, तुम्हाला ठाऊक असणारच."

ते लिहिलं त्या सकाळी या मयताला चहा मीच दिला होता.