मोऱ्यामार्गे उलव्याला, प्रणालीच्या फायनलसाठी

“ताई, येऊ नको असं न्हाई म्हणत मी,” धाकट्या भावाचा, विलासचा, फोन आला. “पण तितं गप बसायचं असतंय. खो-खो न्हवं ती.”

बोलणं झोंबलं, पण खोटं नव्हतं. शिवडीच्या एका शाळेत मी तीस वर्षं पीटी शिकवली आणि खो-खोच्या सामन्यांना पंच म्हणून उभी राहिले. शिट्टी घरी विसरली तरी माझ्या आवाजामुळे काही अडत नसे. विलास वाशीच्या मार्केटात माथाडी आहे, राहतो उलव्याला. त्याची सोळा वर्षांची प्रणाली, माझी भाची, रविवारी टेनिसची फायनल खेळणार होती, लाल मातीच्या कोर्टवर. जिंकणारीला पुण्याच्या एका अकादमीत वर्षभर राहून शिकायला मिळणार होतं. जागा एकच. आता आत्या नाही जाणार तर कोण जाणार?

समुद्रावरच्या नव्या पुलावरून वीस मिनिटांत पोचशील, असं चार जणांनी सुचवलं. वीस मिनिटांत पोचायचं तर निघायचं तरी कशाला? शनिवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोऱ्याची लाँच पकडली. तिकीट शंभराच्या आतबाहेर, वेळ तासाभराचा. जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: भरती-ओहोटी विचारून घ्या. ओहोटीला मोऱ्याच्या बंदरात गाळ उघडा पडतो, मग लाँच बंद असते आणि तुम्ही धक्क्यावर बसून राहता.

थंडीचे दिवस. पाण्यावर धुकं इतकं की मागची मुंबई पुसून गेली आणि पुढचं उरण अजून आलेलं नव्हतं. नांगरलेली मोठी जहाजं एकेक करून धुक्यातून बाहेर यायची आणि आवाज न करता मागे जायची. कुणीतरी सीगलना गाठ्या टाकत होतं. मला वाटलं, ही लाँच कुठेच पोचू नये, अशीच मधल्या मध्ये चालत राहावी. शेजारी मासळी विकून रिकाम्या पाट्या घेऊन परतणारी मोऱ्याची एक कोळीण बसली होती.

“कुटं चाललीस गो बाय?”

“भाचीची मॅच आहे. टेनिसची.”

“जिंकंल का?”

“जिंकायलाच हवं.”

“जिंको नायतर हरो,” ती पाट्या सारखी करत म्हणाली, “दमून येल पोर. आदी तिला जेवाला घाल.”

मोऱ्याहून रिक्षाने उरण. तिथे एका खानावळीत तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली. दोन भाकऱ्या जास्तच गेल्या, वय विसरून. मग उलव्याची बस. जासईच्या आसपास कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागते, तिथे अर्धा तास जास्तीचा धरून चला. रस्त्याच्या कडेला एकावर एक रचलेले कंटेनर, निळे, तांबडे, गंजलेले. मध्येच एखादा खाडीचा तुकडा चमकतो, त्यात बगळा उभा असतो. डोळा लागला, उघडला तेव्हा समोर उलव्याचे टॉवर होते आणि त्यांच्यावरून एक विमान इतक्या खालून गेलं की मी मान आत घेतली.

संध्याकाळी प्रणाली मला कोर्ट दाखवायला घेऊन गेली. क्लब छोटासाच, चार कोर्टं, कडेला बदामाची झाडं. माळीदादा पाइपने मातीवर पाणी मारत होते. ओल्या मातीचा तो रंग मी अजून डोळ्यांत धरून ठेवला आहे. उन्हं उतरली, तशी अख्खी जमीनच आतून पेटल्यासारखी लाल झाली.

“आत्या, बघ ना,” तिने चेंडू जोरात आपटला. मातीत लांबट खूण उठली. “इथे बॉल खोटं बोलू शकत नाही. डाउट आला की अंपायर खाली उतरून मार्क बघतात.”

“टेन्शन आलंय का?”

“नाय गं. तू आलीयस ना.”

ती सहा वर्षांची असताना दोन वर्षं माझ्याकडे होती, माझ्याच शाळेत. पळायला मी शिकवलं, अंगाला झोल देऊन वळायला मी शिकवलं. रेषेबाहेर पाय गेला की मी मैदानाच्या पलीकडून “बाद!” म्हणून ओरडायची आणि ती असेल तिथे थांबायची. बाकीची पोरं हुज्जत घालत. ही कधीच नाही.

रविवारी सकाळी नऊला मॅच सुरू झाली. समोर नाशिकची उंच मुलगी. पंच एकच, उंच खुर्चीत. रेषांवर वेगळं कुणी नाही. मी कडेच्या रेषेलगत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, हात मांडीखाली दाबून. विलास एका बाजूला, भावजय दुसऱ्या बाजूला, म्हणजे मी पहाऱ्यातच.

मातीवरचं टेनिस घाईचं नसतं. चेंडू उसळून वर येतो, थोडा रेंगाळतो. पोरी घसरत घसरत त्याच्यापर्यंत जातात, मागे लांब ओरखडे उरतात. पंधरा-वीस फटके होईपर्यंत श्वास धरायचा, मग सोडायचा. पहिला सेट प्रणालीने घेतला, दुसरा गेला. ऊन चढलं. तिसऱ्यात सहा-सहा. मला आजूबाजूचं काही ऐकूच येईना. ते लाल कोर्ट, पांढरे कपडे आणि इकडून तिकडे जाणारा चेंडू, एवढंच जग उरलं होतं. ती माझी भाची आहे हेही मध्येच विसरायला झालं, इतकी सुंदर खेळत होती.

टायब्रेक: पुन्हा शून्यापासून, सात पॉइंट घ्यायचे, पण दोनने पुढे राहून. सहा-पाच, प्रणाली पुढे. विलास कानात पुटपुटला, “ह्यो घेतला की झालं, ताई. पुणं.”

लांबलचक रॅली झाली. नाशिकच्या मुलीने कोपऱ्यात तिरका फटका मारला. प्रणाली धावली, पोचलीही होती, रॅकेट मागे गेलेली. चेंडू माझ्या पायांपासून चार-पाच हातांवर पडला.

“बाद!”

तो माझाच आवाज होता, हे मला सगळ्यांनी वळून बघितल्यावर कळलं.

प्रणाली थांबली होती. रॅकेट तशीच मागे. चेंडू तिच्या शेजारून निघून गेला. पंच खुर्चीवरून उतरले, वाकले आणि बोटाने खूण दाखवली. तिची कड पांढऱ्या रेषेला लागली होती. चेंडू आत होता. प्रणालीचे सर धावत आले, पण पंचांनी मान हलवली. प्रेक्षकाच्या ओरडण्यासाठी पॉइंट पुन्हा खेळत नाहीत. सहा-सहा. पुढचे दोन पॉइंट कसे गेले, मी पाहिले नाहीत. आठ-सहा.

विलास प्रणालीची बॅग उचलायला गेला. मी उठून बदामाच्या झाडामागे जाऊन उभी राहिले. आयुष्यभर पोरांना रेषा शिकवल्या आणि नेमक्या वेळी मलाच एक दिसू नये! घरी भावजयीने घेवड्याची आमटी केली होती. प्रणाली मान खाली घालून जेवली. खूप भूक लागलेल्या माणसासारखी जेवली. मी नुसताच भात चिवडत बसले.

दुपारी निघताना ती बस स्टॉपपर्यंत आली. लांबून बस दिसली.

“एक विचारू?” मी म्हटलं. “तो बॉल तुला कसा दिसला होता?”

“आत.”

“दिसला होता?”

“क्लिअर दिसला होता, आत्या.” तिचे डोळे भरले. “पण तू बाद म्हणालीस.”

येताना ओहोटी होती, लाँच बंद. पुलावरून बसने आले, खिडकीतून काय दिसलं ते सांगता येणार नाही. या सहलीचा खर्च, वेळा, जेवण सगळं वर दिलंच आहे. जरूर जा. हिवाळ्यात जा, लाँचनेच जा. मला मात्र आता डोळे मिटले की पाणी दिसत नाही, धुकं दिसत नाही. रॅकेट मागे नेऊन माझ्या शब्दाखातर थांबलेली मुलगी दिसते. माझ्यावर एवढा भरवसा कुणी ठेवावा, अशी मी पंच कधीच नव्हते.

मंगळवारी तिला फोन केला. पुण्याची जागा गेली ती गेलीच. ती पहाटेच्या सरावाला जाऊन आली होती.

“हे बघ,” मी म्हटलं, “यापुढे मी ओरडले तरी थांबायचं नाही. तुला दिसेल ते खरं. कळलं?”

तिकडे चेंडू एकदा जमिनीवर आपटल्याचा आवाज आला.

“ट्राय करते,” ती म्हणाली. “पण आत्या, तू येशील ना?”

येते म्हणाले, फोन ठेवला आणि मग पोटभर रडले.