नावेमागचं चित्र

"अगो, ही तर मयत आहे," शेजारीण म्हणाली, आणि ओटीचा नारळ माझ्या हातात तसाच राहिला.

समोर सून बसली होती. सातवा महिना, अंगावर फुलांचे दागिने. तिचं नावेतलं डोहाळजेवण होतं. पुठ्ठ्याची नाव मुलाने कापली, चंदेरी कागद मी चिकटवला. आणि नावेच्या मागे, सगळ्या फोटोंत येईल असं, ते चित्र मीच टांगलं होतं.

मुलाच्या नोकरीमुळे आम्ही मस्कतला राहतो. त्याचा गोरा साहेब मस्कत सोडून गेला तेव्हा त्याने घरातलं सामान वाटून टाकलं. त्यातून मी हे उचललं. काळ्या शाईत छापलेलं, जुनं, काचेतलं. उंच घुमट, निशाणं, दाटीने बसलेली माणसं आणि मधोमध छताखाली काहीतरी सजवलेलं. मला वाटलं, पाळणा आहे, राजाच्या घरचं बारसं. खाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी.

दोन दिवस आधी सून म्हणाली होती, हे चित्र इथे नको. कारण विचारलं तर गप्प. आमच्या हमरिया वस्तीतल्या चारजणी करंज्या करायला आल्या होत्या. त्यांच्यासमोर मी तिला ऐकवलं, शिकलेल्या सुनांना सासूचं काहीच पसंत पडत नाही.

शेजारीण रत्नागिरीकडची, नवरा बोटीवर होता. तिने त्या ओळी वाचून सांगितल्या. आरमाराचा मोठा सरदार लढाईत मेला, त्याला गोऱ्यांच्या मोठ्या देवळात पुरतायत. पाळणा नव्हता, पेटी होती.

सुनेचं पहिलं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. हे सगळ्या बायकांना ठाऊक होतं. मी तिच्याकडे बघितलं. ती दचकली नव्हती.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी वाचलं, आई."

"मग बोलली का नाहीस?"

"पोटुशीने तो शब्द तोंडातून काढायचा नाही, असं तुम्हीच सांगितलंत."

सांगितलं होतं खरं. मी चित्र उतरवून मोरीत उलटं ठेवलं आणि तिची ओटी भरली. तांदूळ सांडले.

पुढचे दोन महिने बाळ हलतंय का, ते ती दिवसातून दहादा पोटावर हात ठेवून बघायची. माफी मागायला माझी जीभ वळली नाही. चहा करून द्यायचे.

नात झाली. दोघी सुखरूप आहेत. ते दोन महिने माझ्या सुनेने काढले, मी नाही.