नखभर तवंग

माझ्या साडूंइतका तेलावर जीव असलेला माणूस वडवणीतच काय, अख्ख्या बीड जिल्ह्यात झाला नसेल. बाजारपेठेत त्यांचं तेलाचं दुकान होतं, आणि माणसं, गावं, सोयरिकी, सगळ्याची पारख ते तेलावरूनच करत. लग्नाच्या पंगतीत बसले की आधी अंगठ्याचं नख आमटीत बुडवून तवंग मोजायचे. "गेवराईचं लग्न दोन नखं व्हतं," असं वर्षभर सांगत; नवरानवरीची नावं त्यांना कधीच आठवली नाहीत. भाकरी कुस्करून तिच्यावर करडीचं तेल इतकं ओतायचे की भाकरी शोधावी लागे. टीव्हीवर रिफाइंड तेलाच्या जाहिराती सुरू झाल्या, तेव्हा हृदयाचं चित्र असलेली पिशवी त्यांनी बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाले, "मास्तर, ज्या तेलाला वासच न्हाई, त्याच्यावर इस्वास कसा ठिवायचा?"

दारूचं मात्र त्यांना वावडं. गळ्यात लिंग बांधलेला माणूस. खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन परत करायचे. महादेवाच्या देवळातल्या नंदादीपाला वर्षानुवर्षं त्यांच्याच दुकानातलं तेल जाई. दर सोमवारी स्वतः डबा घेऊन निघत, आणि त्या दिवशी त्यांची चालच वेगळी असे.

एकदा उजव्या बरगडीखाली जड वाटतं म्हणून मी त्यांना बीडला नेलं. तिथे नुकतंच सोनोग्राफीचं यंत्र आलं होतं. लिव्हरमध्ये चरबी निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "दारू घेता?" साडूंनी तोंड उघडून पुढे केलं. "वास घ्या." डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली आणि समजावून सांगितलं: गरजेपेक्षा जास्त खाल्लेल्या तेलातुपाची, साखरेची शरीर चरबी करून ठेवतं. आधी पोटावर, कमरेवर. तिथे मावेनाशी झाली की ती रक्तातून लिव्हरमध्ये येते, थेंब थेंब साठते, लिव्हर सुजतं. तसंच चालू राहिलं तर पुढे कडक होत जातं. साडूंना लगेच पटलं. "म्हंजी गोडाऊन भरलं, म्हनून डबे देवघरात रचलेत."

एसटीतून उतरल्याउतरल्या त्यांनी स्वतःच चार जणांना सांगितलं, लिव्हर बिघडलंय. आमच्या गावात लिव्हर एकाच कारणानं बिघडतं. त्यात महिन्याभरापूर्वी त्यांच्या गोडाऊनमध्ये, रिकाम्या डब्यांमागे, हमालाला दोन बाटल्या सापडल्या होत्या. त्या माझ्या होत्या. शाळेतल्या मास्तरानं प्यावी तरी कुठे? तेलाच्या वासात दारूचा वास बुडतो, आणि साडूंनी विश्वासानं मला किल्ली दिलेली होती.

देवळाच्या कमिटीत ठरलं, यंदा तेल दुसरीकडून घेऊ. कमिटीत मीही होतो. मी चष्मा पुसत बसलो. त्या सोमवारी साडू डबा घेऊन देवळाच्या पायरीपर्यंत गेले आणि तसेच परत आले.

मग त्यांनी तवंग सोडला. आमटीवरचं तेल पळीनं काढून ठेवत, त्याच्याकडे एकदा बघत, आणि कोरडी भाकरी खात. रोज पहाटे बीडच्या रस्त्यानं चालत. वर्षभरानं पोट उतरलं, लिव्हर साफ निघालं. तो रिपोर्ट त्यांनी कमिटीपुढे ठेवला. अध्यक्ष खूश होऊन म्हणाले, "म्हंजी सोडली म्हना की, अप्पा."

आता हे भडकणार, म्हणून मी खाली बघितलं. मान वर केली तर साडू माझ्याकडेच बघत होते. "सोडली," ते म्हणाले.

तेल पुन्हा सुरू झालं. बायका आपापल्या नवऱ्यांना दारू सोडवायला त्यांच्या दुकानात आणू लागल्या. साडू सगळ्यांना एकच उपाय सांगत: "रोज दोन कोस चाला, आन् तवंग काढून टाका." त्यातल्या दोघांची खरोखर सुटली.

माझ्याकडून त्यांनी गोडाऊनची किल्ली कधी परत मागितली नाही. फक्त एकदा तेल मोजता मोजता म्हणाले, "मी सोडली, मास्तर. आता तुमी बी सोडा."

मी सोडली. पण त्या बाटल्या कुणाच्या, हे कमिटीला सांगायचं मात्र साडू होते तोवर आज-उद्या करत राहून गेलं. आता सोमवारचा डबा मी नेतो. चाल काही त्यांच्यासारखी जमत नाही.